तीन तळ्यांच्या वाटेवरची जोडसायकल

मित्रांनो, मला पाहिल्यावर लोक आधी हसतात आणि मग मोजायला लागतात. सीट दोन, हँडल दोन, पेडलं चार आणि चाकं मात्र दोनच. मी एक जोडसायकल आहे. जुनी म्हणालात तरी मला राग येत नाही, कारण जुनी आहेच मी. मित्राला कॅरिअरवर बसवून नेण्याला तुम्ही डबलसीट म्हणता ना, तसलं डबलसीट मात्र मला चालत नाही. माझ्यावर मागे बसणाऱ्यालाही पाय मारावे लागतात. निदान तशी अपेक्षा असते.

माझा जन्म एका वेल्डरच्या दुकानात झाला. हा वेल्डर दवाखान्यांसाठी लोखंडी खाटा बनवायचा. शहराबाहेरच्या तळ्यावर भाड्याने होड्या देणारा एक मालक त्याच्याकडे आला आणि म्हणाला, "मला दोन माणसांची एक सायकल बनवून दे." वेल्डर खूश झाला. बायकोला म्हणाला, "आयुष्यभर लोकांना झोपवायचं काम केलं. एकदा कुणाला हिंडवून तरी बघू."

खाटांसाठी आणलेल्या नळ्यांतूनच त्याने मला घडवलं. म्हणून माझं अंग जरा जाड आहे, आणि रंगही खाटांचाच, फिकट हिरवा. पण त्याने कामात कसूर ठेवली नाही. पुढच्या हँडलवर त्याने दोन्ही चाकांचे नेहमीचे रबरी गुटक्यांचे ब्रेक बसवले. शिवाय मागच्या चाकाच्या पोटात एक जाडजूड तिसरा ब्रेक बसवला आणि त्याची मूठ मागच्या हँडलवर दिली. "दोन माणसांचं वजन उतारावर नुसत्या रबराने आवरत नाही," तो सांगायचा. "मागचं माणूस काही सामान नाही. त्यालाही काम पाहिजे."

मला पहिल्यांदा चालवलं ते त्याने आणि त्याच्या बायकोने. गल्लीच्या कोपऱ्यावर तो वळला आणि मागून बायको ओरडली, "अहो, वळताय ते आधी सांगायचं नाही का?" मित्रांनो, त्यानंतर मला जो जो भेटला, त्याच्या तोंडून मी हे वाक्य ऐकलेलं आहे.

शहराच्या टोकाला, शेवटच्या बसथांब्याच्या पुढे, तीन जलाशय आहेत. धरणं बांधून अडवलेलं ते शहराचं पिण्याचं पाणी. पण लोक त्यांना तळीच म्हणतात: खालचं तळं, मधलं तळं आणि वरचं तळं. तिन्हींच्या भोवती दाट झाडी आहे आणि झाडीतून पाणीखात्याच्या गाड्यांसाठी केलेले खडीचे रस्ते आहेत. डांबर नाही, सिग्नल नाही. चाकाखाली खडी करकरते, वर पानं सळसळतात आणि मधूनच फांद्यांच्या फटीतून पाणी चमकून जातं. खालच्या तळ्याच्या काठी त्या मालकाचं दुकान होतं. तिथे माझी नोकरी सुरू झाली.

काय दिवस होते ते! नवी लग्नं झालेली जोडपी हसत यायची आणि पहिल्याच चढावर एकमेकांशी बोलायची बंद व्हायची. एकदा एक पहिलवान आपल्या आईला घेऊन आला. आईने पुढे बसायचा हट्ट धरला आणि सगळ्या वाटेवर "नीट पाय मार, खाल्लेलं जातं कुठे तुझं?" म्हणून त्याला बोल लावले. दोन जुळे भाऊ तर अर्ध्या वाटेत भांडून परत चालत आले, मला मधोमध धरून. मला सगळं आवडायचं. मालक रोज संध्याकाळी माझी साखळी पुसायचा आणि "माझी लक्ष्मी" म्हणायचा.

मग मालकाने बदकाच्या आकाराच्या पायडलच्या होड्या आणल्या. पांढऱ्याशुभ्र, लांब मानेच्या. मुलांना बदकं हवी होती. मोठ्यांनाही बदकंच हवी होती. मला दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात सरकवलं. तिथे माझ्या दोन्ही हँडलांवर ओली लाइफ जॅकेटं वाळत पडायला लागली. टायर बसले, साखळी गंजली आणि मागच्या सीटखाली एका कोळ्याने संसार थाटला. त्या जॅकेटांमधून थेंब थेंब पाणी ठिबकायचं ते माझ्या पुढच्या सीटवर. मी रडत नव्हते, पण बघणाऱ्याला तसं वाटलं असतं. बघणारं कुणी नव्हतं, हेच खरं दुःख.

एके दिवशी शहरातला एक चष्म्याचा दुकानदार मालकाचा नवा चष्मा घेऊन आला. मालकाने तो डोळ्यांवर चढवला, इकडेतिकडे पाहिलं आणि त्याची नजर माझ्यावर थांबली. "अरेच्चा! ही अजून इथेच आहे होय?"

दुकानदाराने जॅकेटं बाजूला केली. माझ्या मागच्या सीटवरून हात फिरवत तो बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "ही मला द्याल का? माझ्या बहिणीसाठी हवी आहे."

"न्या की! जागा तरी मोकळी होईल," मालक म्हणाला. इतक्या वर्षांच्या लक्ष्मीची अशी बोळवण झाली. पण मित्रांनो, मला त्याचं वाईट वाटायला वेळच मिळाला नाही. गाडीच्या टपावर आडवी बांधलेली मी वाऱ्यात जात होते, आणि बसलेली का होईना, माझी चाकं पुन्हा फिरत होती.

आता त्या घरातली माणसं सांगते. तीनच आहेत. चष्म्याचा दुकानदार म्हणजे दादा. त्याची बायको शहरातल्या बसची ड्रायव्हर. तिला सगळी आळी वहिनी म्हणते, मग मीही वहिनीच म्हणते. आणि दादाची धाकटी बहीण बेबी. घरात सगळ्यांत लहान म्हणून बेबी. पन्नाशी उलटली, केस पिकले, तरी बेबीच.

बेबी पाणीखात्यात होती. तिन्ही तळ्यांच्या पाण्याचे नमुने गोळा करायचं तिचं काम. सायकलला पिशव्या लावून, त्यांत काचेच्या बाटल्या घेऊन ती वर्षानुवर्षं त्याच खडीच्या वाटांनी फिरली. होडीतून पाण्यात दोरीने बाटली सोडायची, भरून ओढून घ्यायची, पुढच्या तळ्यावर जायचं. मग तिच्या डोळ्यांना आजार झाला. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही गेलं. भावाचं चष्म्याचं दुकान, आणि त्यात बहिणीच्या कामाचा एकही चष्मा नाही, हे दादाला फार लागायचं. ती त्यांच्याकडे राहायला आली आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसली ती बसलीच. बाहेर जायचं नाव नाही. पांढरी काठी आणून दिलेली, तिचं प्लॅस्टिकही फाडलेलं नव्हतं. दिवसभर रेडिओ ऐकायचा आणि आमटीपासून राजकारणापर्यंत सगळ्याला नावं ठेवायची.

मला जिन्याखाली ठेवलं होतं, त्यामुळे घरातलं सगळं ऐकू यायचं. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने येऊन मला तेल दिलं, नवी साखळी घातली आणि रुंद, गाठीगाठींचे टायर चढवले. "हल्ली ह्याला ग्रॅव्हल बाइक म्हणतात," तो दादाला म्हणाला. "खडीवरून, जंगलातून जायची खास सायकल. आमच्या लहानपणी ह्यालाच रस्ता खराब आहे असं म्हणायचे."

बेत असा होता की पुढे दादा बसेल. पण दादाला सायकल चालवताना ओळखीच्या माणसांना हात करायची सवय. पहिल्याच फेरीत आम्ही समोरच्या घराच्या कुंड्यांत गेलो. बेबी मातीत बसून म्हणाली, "झालं ना समाधान? आता मला वर ने."

वहिनी दारात उभी होती. ड्यूटीवरून नुकतीच आलेली, अंगावर अजून खाकी शर्ट. ती म्हणाली, "उठा हो. मी एवढी सबंध बस चालवते, ही काय चीज आहे?"

"वहिनी, बसला चार चाकं असतात," बेबी म्हणाली.

"सहा असतात. तुला काय माहीत, तू कायम सायकलवर. बस मागे."

मित्रांनो, त्या दोघींचं फार सख्य होतं असं नाही. वहिनी चिडली की बेबीला एकदम "वन्सं" म्हणायची आणि अहोजाहो करायची. ते ऐकलं की दादा हळूच दुकानात निघून जायचा. पण त्या दिवसापासून वहिनीच्या प्रत्येक सुट्टीला आम्ही खालच्या तळ्यावर जायला लागलो. वहिनी बस चालवते तशीच मला चालवायची. दोन्ही हात घट्ट, मान ताठ, आणि सगळं मोठ्याने सांगत: "पुढे डावं वळण. खड्डा. अजून एक खड्डा. आता कुत्रं, पण झोपलंय." मागे बेबी दात आवळून बसायची आणि मागच्या ब्रेकची मूठ जिवाच्या आकांताने धरून ठेवायची.

हळूहळू वहिनीला वाटलं की नुसते खड्डे काय सांगायचे? म्हणून ती आजूबाजूचं वर्णनही करायला लागली. एकदा म्हणाली, "अगं, काय सुंदर पिवळी फुलं फुललीयेत दोन्ही बाजूंना! नुसता सडा पडलाय."

"ह्या दिवसांत? इथे?" बेबीने पाय मारायचे थांबवले. "वहिनी, इथे पिवळं काहीही फुलत नाही. खरं सांग, काय आहे?"

वहिनीने पुन्हा दोन्ही बाजूंना पाहिलं. "वाळकं गवत आहे. आणि एक फाटका बूट."

"मग बूट सांग ना! मला खूश करायला फुलं कशाला लावतेस? मला दिसत नाही, म्हणून मला काहीही दाखवशील?"

"बरं बाई. आहे ते सांगीन."

"बूट कुठल्या पायाचा आहे?"

"डाव्या," वहिनी म्हणाली, आणि दोघींना कशाचं कोण जाणे, हसू आलं. ते मी ऐकलेलं त्यांचं पहिलं एकत्र हसू.

त्यानंतर काही आठवड्यांनी बेबीने स्वतःहून विषय काढला. तिला वरच्या तळ्यावर जायचं होतं. तिन्ही तळ्यांची वाट पुरी करायची होती. शेवटची बाटली भरली की ती वरच्या तळ्यात हात धुवायची, तसे एकदा धुवायचे होते. "वाट मला पाठ आहे," ती म्हणाली. "तू फक्त समोर बघ. कुठे वळायचं ते मी सांगते." ठरलं. दादा गाडी घेऊन पक्क्या रस्त्याने संध्याकाळी वरच्या तळ्यावर येणार आणि आम्हाला टपावर बांधून परत आणणार.

त्या सकाळी धुकं होतं. झाडांवरून पाणी टपटपत होतं आणि खडी ओली होती. नवीन, चकचकीत ग्रॅव्हल बाइक घेतलेली तरुण मंडळी आम्हाला ओलांडून जायची आणि माझ्याकडे बघून अंगठा वर करायची. "काय म्हणाले?" बेबी दर वेळी विचारायची. "बोलले काही नाहीत. अंगठा दाखवला," वहिनी सांगायची. "चांगला की वाईट?" "चांगला. वाईट दाखवला असता तर मी पाठलाग केला असता."

खालचं तळं संपलं आणि झाडी दाट झाली. बेबी म्हणाली, "आता ओढ्यावर लाकडी पूल येईल. फळ्या खडखड वाजतील. पूल संपला की लगेच डावीकडे."

आम्ही जात राहिलो. फळ्या वाजल्या नाहीत. वाट चढायला लागली. वहिनीला धाप लागली. अखेर वाट संपली ती तोडलेल्या ओंडक्यांच्या ढिगापाशी.

"पूल कुठाय?" बेबीने विचारलं.

"पूल आलाच नाही."

"आला असणार. तुझं लक्ष नसेल."

"एवढा पूल मला दिसणार नाही? शहरातले सगळे पूल मी रोज ओलांडते!"

"मग त्या डोळ्यांचा उपयोग काय?" बेबी म्हणून गेली.

 वहिनी खाली उतरली. तिने वळून पाहिलं आणि तिची नजर बेबीच्या हातावर गेली.

"वन्सं," ती अगदी हळू म्हणाली, "तुम्ही ब्रेक धरून बसला आहात का?"

बेबीने चटकन मूठ सोडली. भीतीपोटी सगळ्या चढावर तिने तो ब्रेक अर्धवट दाबून धरला होता, आणि तिला पत्ताही नव्हता.

"मी मघापासून म्हणतेय, डोंगर ओढत असल्यासारखं का वाटतंय! पुन्हा त्या ब्रेकला हात लावलात तर बघा!"

दोघी मला ढकलत मागे आल्या. खाली ओढ्याचा आवाज आला तशी बेबी थांबली. ती खाली बसली आणि हाताने चाचपायला लागली. खडी, खडीखाली सिमेंट, आणि कडेला एक मोठा गोल पाइप. पूल काढून टाकून तिथे पाइप घातला होता आणि वरून सपाट खडी पसरली होती. आम्ही त्याच्यावरून गेलो होतो, पण वाजायला काही उरलंच नव्हतं.

"पूल काढला," बेबी म्हणाली. "मला वाटलं होतं, मी येत नाही म्हणून इथलं सगळं तसंच थांबलं असेल." मग थोड्या वेळाने, "वहिनी, मघाशी मी बोलले ते..."

"राहू दे. डावीकडे वाट आहे. हीच ना?"

"हीच असेल. आता तूच बघ."

आम्ही डावीकडे लागलो. टेकडीचा माथा आला आणि पलीकडे मधल्या तळ्याकडे जाणारा उतार सुरू झाला. लांब, ओला, वळणावळणाचा. वहिनीने ब्रेक लावले. माझ्या चाकांच्या कडांना चिखल आणि बारीक वाळू लागली होती. गुटके नुसतेच किरकिरले. वहिनीने आणखी जोर लावला आणि माझ्या मागच्या गुटक्यांची तार टणकन तुटली. पुढचा एकटा ब्रेक जोरात दाबला असता, तर खडीवर आम्ही तिघींनी कोलांटी खाल्ली असती. वहिनीला ते कळलं. वेग वाढायला लागला. झाडं दोन्ही बाजूंनी मागे पळायला लागली.

"बेबी, ब्रेक!"

"कुठला?"

"तुझा! तुझा ब्रेक!"

"हात लावू नको म्हणालीस ना!"

"वन्सं! ब्रेक!!"

बेबीचा हात हँडलवर सरकला आणि मूठ सापडली. तिने दाबली. माझं मागचं चाक एकदम अडलं आणि घसरलं. माझं लांब अंग आडवं व्हायला लागलं.

"एवढा नको! सोड थोडा!" वहिनी ओरडली. "हं, असाच. असाच धर. उजवं वळण येतंय, लांब आहे... माझ्याबरोबर झुक. आता सोड. सरळ आहे. आता दाब, हळू. अजून थोडा. डावं वळण... झुक!"

मित्रांनो, त्या उतारावर पहिल्यांदाच मला माझ्यावर दोन माणसं बसलीयेत असं वाटलं नाही. एकीच्या डोळ्यांना दिसत होतं ते दुसरीच्या बोटांत उतरत होतं. चाकाच्या पोटातला तो जाडजूड ब्रेक तापून लाल होतोय की काय असं मला वाटलं, पण त्याने दम सोडला नाही. शेवटचं वळण गेलं, उतार संपला आणि आम्ही मधल्या तळ्याच्या बांधावर आलो. तिथे एक माणूस घडीच्या खुर्चीवर गळ टाकून बसला होता. त्याने आमच्याकडे पाहिलं आणि दोन्ही पाय वर उचलले. माझं पुढचं चाक त्याच्या माशांच्या डब्याला टेकून थांबलं.

 मग त्या माणसाने पाय खाली ठेवले. "ब्रेक नव्हते की काय तुम्हाला?"

"होते," वहिनी म्हणाली. "मागे बसले होते."

बेबी आधी हसली. मग वहिनी. हसता हसता दोघी बांधावर फतकल मारून बसल्या. ब्रेक धरून बेबीची बोटं आखडली होती, ती वहिनीने आपल्या हातात घेऊन चोळली. गळवाला माणूस बिचारा मासे पळाले म्हणून तक्रार करणार होता, पण त्या दोघींकडे बघून त्यालाही हसू आलं. आपल्या थर्मासमधला चहा त्याने दोघींना दिला.

चहा पिऊन झाल्यावर वहिनीने फोन काढला. "ह्यांना सांगते, इथेच या म्हणून. तार तुटलीय, पुढे कशाला धोका?"

"हो, सांग," बेबी म्हणाली. तिने वाद घातला नाही. बेबीने वाद घातला नाही, हे वहिनीला जरा विचित्रच वाटलं असावं. ती फोन हातात धरून तशीच उभी राहिली.

"इथून वरच्या तळ्यापर्यंत वाट कशी आहे ग?"

"चढ. नुसता चढ. एवढा की माझ्या बाटल्या मागे घसरायच्या."

"मग चढाला ब्रेक कशाला लागतो?" वहिनीने फोन खिशात टाकला. "आणि परत तर गाडीच्या टपावरूनच जायचंय. ऊठ."

त्या चढावर दोघी थोडं अंतर पाय मारायच्या, थोडं मला ढकलायच्या. धुकं विरलं. बेबी विचारत होती आणि वहिनी सांगत होती: पडलेलं झाड, त्यावर अळंबी, कानासारखी, कुणीतरी झाडाला टांगलेला हातमोजा, फाटक, गंजलेलं, पण उघडं. फाटकातून आत गेलो आणि वरच्या तळ्याच्या काठावर पोचलो.

वहिनी थांबली. 

"गप्प का झालीस?" बेबीने विचारलं. "पाणी कुठवर आहे? पायऱ्यांना लागलंय का?"

मी समोर पाहिलं. तळ्यात पाणीच नव्हतं. दुरुस्तीसाठी तळं रिकामं केलं होतं. वाळलेला, भेगाळलेला चिखल, आणि खोल मध्यभागी डबक्याएवढं पाणी. एवढ्या लांबून, एवढा जीव मुठीत धरून आम्ही ह्यासाठी आलो होतो.

"बेबी," वहिनी म्हणाली, "पाणी नाहीये. तळं उपसलंय. खाली मधोमध थोडं डबकं आहे, बाकी सगळा वाळलेला चिखल. आधी चौकशी करायला हवी होती ग मी."

 खालून ओल्या मातीचा वास येत होता. तो बेबीने नाक वर करून घेतला. मला वाटलं, आता ती म्हणणार, मला घरी ने.

"म्हणजे तळ दिसतोय?" तिने विचारलं.

"सगळा."

"वहिनी, नीट बघ. खाली रस्ता आहे का? धरण व्हायच्या आधी तिथून एक दगडी रस्ता जायचा, असं जुनी माणसं सांगायची. मी इतकी वर्षं त्या पाण्यात बाटल्या सोडल्या, पण तळ कधी पाहिला नाही. तळं कायम भरलेलं."

वहिनीने कपाळावर हात आडवा धरला. "थांब हं... चिखल... चिखल... आहे! अगं, आहे! दगडी रस्ता आहे. दोन्ही बाजूंना बुटक्या भिंती. इथून सरळ खाली जातोय आणि डबक्यात बुडतोय."

तेवढ्यात "ओ बाई! खाली जायचं नाही!" असं ओरडत तळ्याचा राखणदार आला. जवळ आल्यावर तो थबकला. "बाटलीवाल्या ताई? तुम्ही?"

"मीच," बेबी म्हणाली. "आणि हे बाटलीवाली कुणासमोर म्हणू नका हो. लोकांचा भलताच समज होतो."

राखणदाराने काठी रोवून आधी आपण रस्त्याचे दगड पारखले. मग म्हणाला, "रस्ता टणक आहे. डबक्याच्या अलीकडे थांबायचं. भिंतीपलीकडे पाय टाकायचा नाही, वरून वाळलेला दिसला तरी तिथे चिखल गिळतो." माझी लोंबणारी तार त्याला दिसली, आणि आपल्या कंबरेची दोरी काढून त्याने ती माझ्या कॅरिअरला बांधली. "ब्रेक तुटलाय ना? मी मागून धरून येतो."

मित्रांनो, मी तळ्याच्या तळावरून चालले आहे. किती सायकलींना असं सांगता येईल? जुने दगड माझ्या चाकांखाली खडबडत होते. वाळलेल्या शिंपल्यांचा चुरा होत होता. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर हिरवट शेवाळ होतं आणि वहिनी एकेक गोष्ट सांगत होती: इथे भिंतीत कोनाडा आहे, इथे दगडावर गाडीच्या चाकांनी पडलेली चाकोरी आहे. बेबीने मान वर केली होती.

"एरवी आत्ता माझ्या डोक्यावर किती पाणी असतं, माहितेय? घरावर घर ठेवलं तरी बुडेल इतकं." मग तिने माझी घंटी वाजवली. धरणाच्या भिंतीवर आपटून तो आवाज परत आला. बेबीने पुन्हा वाजवली. राखणदार मागून म्हणाला, "ताई, एवढी मजा तुम्ही नोकरीत असताना कधी केली नाही." "नोकरीत असताना इथे खाली यायचं तर बुडी मारावी लागली असती," बेबी म्हणाली.

डबक्यापाशी ती उतरली. वहिनीचा हात धरून खाली वाकली आणि तिने पाण्यात हात धुतले. सावकाश, कोपरापर्यंत.

तेवढ्यात काठावर दादाची गाडी येऊन थांबली. आपली बायको, आपली बहीण आणि एक हिरवी सायकल तळ्याच्या बुडाशी उभी आहेत, हे बघून त्याने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. मग तोंडाभोवती हात धरून ओरडला, "अगं, रस्ता चुकलात की काय?"

"नाही!" वहिनी खालून ओरडली. "सकाळपासून आत्ताच कुठे बरोबर आलोय!"

पुढच्या पावसाळ्यात वरचं तळं भरलं आणि तो रस्ता पुन्हा पाण्याखाली गेला. बेबी भेटेल त्याला त्याची हकीकत सांगते. कुणी नाहीच भेटलं तर काठी घेऊन कोपऱ्यावर जाते आणि सायकलवाल्याला सांगते. वहिनीच्या डेपोतल्या इतर ड्रायव्हर बायकांना ती गोष्ट इतक्यांदा ऐकावी लागली, की शेवटी त्यांनीच आपापल्या सायकली काढल्या. आता सुट्टीच्या सकाळी खालच्या तळ्यापाशी आमची चांगलीच वरात निघते. प्रत्येकीला सगळ्यांत पुढे राहायचं असतं आणि प्रत्येकीला वाटतं, बाकीच्यांना गाडी चालवता येत नाही. माझ्या तारा नव्या आहेत, गुटके नवे आहेत, आणि मागचा ब्रेक सायकलवाला दर महिन्याला उघडून साफ करतो. त्या ब्रेकला तो स्वतः नमस्कार करतो, असं वहिनी म्हणते. मी पाहिलेलं नाही.

मित्रांनो, आमच्या जातीचं मागणं फार नसतं. चाकात हवा असावी, साखळीला तेल असावं, तारा वेळेवर बदलाव्यात आणि आमच्यावर ओले कपडे वाळत घालू नयेत. एवढं तुम्ही कराल, याची मला खात्री आहे. पण माझं आणखी एक सांगणं आहे. तुमच्या घरात कुणी बरेच दिवस बाहेर पडलेलं नसेल, तर दारातूनच "येतोस का?" असं विचारून निघून जाऊ नका. जरा थांबा. ते माणूस आधी नाहीच म्हणेल. मग कारणं सांगेल. मग तुमच्याशी वाद घालायला लागेल. वाद घालायला लागलं की समजा, मनातल्या मनात चपला शोधायला सुरुवात झाली आहे.